गिरमिट, कादंबरी आणि परतीचं जहाज

शंकेखोर : कालचं लेखिकाबाईंचं व्याख्यान रंगलं, हे मान्य. पण ज्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, तिथंच मी अडखळलो. कागदपत्रं जिथं गप्प होतात तिथून माझी कादंबरी सुरू होते, असं लेखिकाबाई म्हणाल्या. ऐतिहासिक कादंबरीकाराच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, हे वाक्य या ना त्या वेषात भेटतंच. मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, बाबतीत तर ते साफ खोटं आहे. १८३४ पासून १९१० पर्यंत त्या एवढ्याशा बेटावर साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी मजूर उतरले. सगळ्यांना नंबर दिला गेला. नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, जहाजाचं नाव, कुठल्या मळ्यावर पाठवलं तो मळा, सगळं आलं. १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. त्याच काळात रत्नागिरीतल्या आपल्या गावात जो कुणबी राहून गेला, त्याच्या उंचीची किंवा कपाळावरच्या व्रणाची नोंद कुठं आहे का? उलट जो गेला, त्याच्याबद्दलच कागद भरभरून बोलतात. मग हे मौन आणलं कुठून? मला वाटतं, मौन जाहीर केलं की कल्पनेला परवाना मिळतो, म्हणून ते जाहीर केलं जातं.

चाहती : वाक्य ढिलं होतं, कबूल. पण तुमची वही जरा उलटून पाहू या. उंची, व्रण, फोटो ही माहिती कशाला गोळा केली होती? १८६७ चा कायदा आठवा. करार संपलेल्या मजुरानंसुद्धा फोटो लावलेला दाखला जवळ बाळगायचा. तो सापडला नाही तर भटक्या म्हणून धरून नेणार. म्हणजे ही माणसाची ओळख नव्हे, पळाला तर पकडायची सोय. वही खूप बोलते, पण ज्याच्याबद्दल बोलते त्याच्याशी बोलत नाही. मला ज्या गोष्टी विचारायच्या असतात त्यांना तिच्यात रकानाच नाही.

आणि दुसरं. 'सी ऑफ पॉपीज' घ्या. अमिताव घोष यांना लिहायचं होतं गिरमिटियांवर. कुठल्या भागातून, कुठल्या साली लोक निघाले हे शोधता शोधता ते अफूपाशी पोचले, असं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. गाझीपूरकडची दीती अफूच्या शेतातून, अफूच्या कारखान्यात काम करणाऱ्या नवऱ्याच्या मरणातून, सतीच्या चितेवरून पळून १८३८ साली जहाजावर येते. तुमच्या वहीत तिच्या नावापुढे काय मिळालं असतं? अमक्याची बायको, वय इतकं, जिल्हा गाझीपूर. अफूचं दप्तर एका खात्याचं, मजुरांचं दुसऱ्या खात्याचं. दोन्ही खाती एकाच सरकारची, पण एकमेकींशी बोलत नव्हती. ती बोलती केली कादंबरीनं.

शंकेखोर : दप्तरं जोडणं हे इतिहासकाराचंही काम आहे, आणि तो ते तळटीप देऊन करतो. पण तो मुद्दा सोडा. माझी खरी तक्रार वेगळी आहे. जोड दिसते ती नेहमी एकाच ठिकाणी का असते? गिरमिटावरच्या कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचा. दुष्काळ, सावकार, मजूर गोळा करणारा गोडबोल्या आरकाटी, दगड उचलला की खाली सोनं सापडतं ही थाप, काळं पाणी, वादळ, बोटीवरचं बाळंतपण, ऊसमळ्यातला चाबूक, आणि शेवटी मान वर करून उभा राहिलेला एक माणूस. अभिमन्यू अनत यांची 'लाल पसीना' १९७७ ची. नाताशा आपाना यांची 'ले रोशे द पूद्र दॉर' २००३ ची. भाषा फ्रेंच, जहाज १८९२ चं. दोघांची पातळी वेगळी, धाटणी वेगळी. आपाना तर बोटीवरच्या इंग्रज डॉक्टरच्या डोक्यात शिरून त्याची किळस आपल्याला जगायला लावतात, ते मला फार आवडलं. तरीही साचा तोच. फसवले गेले, छळले गेले, टिकले.

हा साचा कुठून आला, सांगतो. ह्यू टिंकर यांचा ग्रंथ १९७४ चा. गिरमिट म्हणजे गुलामीची नवी पद्धत, हे त्याचं सूत्र, आणि ते शब्दही १८४० मधल्या ब्रिटिश मंत्र्याचे, लॉर्ड जॉन रसेल यांचे. तो ग्रंथ मोठा आहेच. पण पुढच्या वीसेक वर्षांत मरीना कार्टर यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच वह्या, अर्ज, पत्रं नव्यानं वाचली आणि वेगळंच चित्र पुढे आलं. करार संपवून गावी परतलेला सरदार, म्हणजे मळ्यावरचा मुकादम, स्वतःच्या भावकीतली माणसं घेऊन पुन्हा निघतो. आधी नवरा जातो, मागून बायको, मग मेहुणा. मजुरी किती, मळा कुठला चांगला, कुठला साहेब मारतो, याची माहिती पत्रांतून गावापर्यंत येते. म्हणजे निदान पुढच्या काळातल्या अनेकांना कुठं चाललोय हे ठाऊक होतं. मुंबई बंदरातून गेलेल्या आपल्या माणसांचं तर बोलायलाच नको. कलकत्ता आणि मद्रासपेक्षा मुंबईहून गेलेले खूप कमी, पण ते बरेचसे कोकणातले. घर सोडून कमवायला जायचं, शिमग्याला, गणपतीला परत यायचं, हे कोकणी माणसाला कुणी आरकाट्यानं शिकवायला नको होतं. त्यानं हिशेब केला आणि निघाला. हा हिशेबी माणूस कादंबरीला नको असतो. फसलेला चालतो, लढणारा चालतो. ठरवून निघालेला चालत नाही, कारण त्याच्यासाठी रडता येत नाही.

चाहती : हे ऐकून माझ्या अंगावर थोडा काटा आला, कारण हेच मळेवालेही म्हणत होते. ते राजीखुशीनं येतात, सगळं समजून अंगठा करतात, परत गेले तर पुन्हा येतात. कार्टर जे म्हणतात ते हजार बारकाव्यांसह म्हणतात. पण त्यांचं पुस्तक बंद करून कुणी सारांश सांगितला की उरतो एकच शब्द : स्वेच्छा. उघड्या डोळ्यांनी गेलेला माणूससुद्धा लुबाडला जाऊ शकतो ना? एक दिवस कामाला गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची, ही तिथली 'डबल कट'. हिशेब करून गेलेल्याच्या हिशेबात हे होतं का? १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ यांनी जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या नि निशाण्या. मग १८७२ ला रॉयल कमिशन बसलं, १८७५ ला त्याचा अहवाल आला, आणि छळाच्या तक्रारी हवेतल्या नव्हत्या हे त्यात नोंदलं गेलं. आता या साडेनऊ हजारांतला एक घ्या. तो स्वतःहून आलेला, कदाचित दुसऱ्यांदा आलेला, गावाकडे पैसे पाठवणारा, आणि त्याच दिवशी अर्जावर निशाणी करणारा. इतिहासकाराला त्याला कुठल्या तरी प्रकरणात बसवावं लागतं. फसवलेल्यांच्या नाहीतर स्वेच्छेच्या. कादंबरीला तो एकाच संध्याकाळी दोन्ही असू शकतो.

शंकेखोर : असू शकतो. असतो का, हा प्रश्न आहे. तुम्ही शक्यतेचा बचाव करताय, मी प्रत्यक्षात छापलेल्या पानांबद्दल बोलतोय.

चाहती : मग प्रत्यक्षातलंच घेते. मिन जिन ली यांची 'पाचिन्को', जपानमध्ये पिढ्यान् पिढ्या परकेच राहिलेल्या कोरियन कुटुंबाची. १९८९ साली कॉलेजात असताना त्यांनी एका भाषणात जपानमधल्या एका कोरियन मुलाची गोष्ट ऐकली. वर्गातल्या मुलांनी छळ छळ छळल्यामुळे त्यानं उडी मारून जीव दिला होता. त्या गोष्टीवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. पुढे २००७ मध्ये त्या टोकियोला राहायला गेल्या, जपानमधल्या कोरियन लोकांना भेटल्या, मुलाखती घेतल्या. आपण ज्यांना इतिहासाचे बळी म्हणून लिहीत होतो, त्यातलं कुणीही इतकं सरळसोट नाही, हे त्यांना समोरासमोर बसल्यावर कळलं. जुना मसुदा बाजूला ठेवून त्यांनी सगळं पुन्हा लिहायला घेतलं. पुस्तक आलं २०१७ ला. तुम्ही म्हणताय तो साचा मोडायचं काम कादंबरीकारानंच केलं, कुणा संशोधकाच्या दटावणीशिवाय.

शंकेखोर : उदाहरण उत्तम, पण ते माझ्या बाजूचं आहे. ली यांना दुरुस्त करणारी माणसं जिवंत होती. कोरियन बाई समोर चहा पीत म्हणू शकत होती, बाई गं, आम्ही असे नव्हतो. १८३८ च्या जहाजातून कोण उठून सांगणार? तिथं हरकत घ्यायला उरतात ते वंशज, आणि वंशजांना आपला पूर्वज कसा हवा असतो हे आपण महाराष्ट्रात पुरेपूर जाणतो. कादंबरीतल्या एका प्रसंगावरून आपल्याकडे मोर्चे निघतात.

मॉरिशसचीच गोष्ट घ्या. तिथं या इतिहासाच्या दोन सार्वजनिक सुट्ट्या आहेत. १ फेब्रुवारी ही गुलामी संपल्याची, १८३५ ची. २ नोव्हेंबर ही मजूर आल्याची. १८३४ मध्ये त्या दिवशी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर उतरले म्हणून. जागतिक वारशाची ठिकाणंही दोनच. २००६ ला आप्रवासी घाट, जिथं मजूर उतरत; २००८ ला ल मॉर्नचा डोंगर, जिथं पळालेले गुलाम लपत. एवढंसं बेट, पण आठवणींची दोन स्वतंत्र खाती. आणि या दोन तारखांमध्ये फक्त तीन महिने आहेत, हे कुठल्या कादंबरीत नीट आलंय? गुलाम सुटणार, मोबदला मागणार, मळे सोडून जाणार, हे दिसत होतं म्हणूनच मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून माणसं मागवली. आपला गरीब, फसलेला, सोशिक पूर्वज बोटीतून उतरला तो दुसऱ्या एका गरिबाची मजुरी पाडण्यासाठी. त्याचा दोष नाही. पण वस्तुस्थिती आहे. वंशजांच्या कादंबरीत तो दुसरा गरीब कडेला उभा असतो, गाणं म्हणत.

चाहती : हा आरोप मी खोडून काढणार नाही, फार खरा आहे. फक्त एवढं नोंदवा की घोष यांनी 'आयबिस' हे जहाज मुद्दाम पूर्वीचं गुलामवाहू जहाज दाखवलंय, आणि त्यावरचा झॅकरी हा अमेरिकेतल्या मुक्त झालेल्या गुलाम आईचा मुलगा. म्हणजे ज्या तळघरात आधी आफ्रिकेतली माणसं कोंबली होती, त्याच तळघरात दीती झोपते. तुमचे तीन महिने त्यांनी एका लाकडी सांगाड्यात आणले. भाषण न करता.

शंकेखोर : घोष त्या समाजाचे वंशज नाहीत, हे विसरू नका. बाहेरच्याला ते सोपं जातं.

चाहती : मग बाहेरच्यानं लिहावं की आतल्यानं? मघाशी तुम्ही वंशजांवर घसरलात. आता बाहेरच्याला सवलत नको म्हणताय.

शंकेखोर : दोघांनीही लिहावं, आणि दोघांवरही मी घसरावं, असं माझं म्हणणं आहे. (हसू नका.) आणखी एक उदाहरण देतो, दूरचं. स्वीडनचे विल्हेल्म मोबेर्ग. १९४९ ते १९५९ मध्ये त्यांनी स्वीडनहून अमेरिकेतल्या मिनेसोटाला गेलेल्या शेतकऱ्यांवर चार खंड लिहिले. कार्ल ऑस्कर आणि क्रिस्टिना हे त्यातलं जोडपं. मोबेर्ग कसून अभ्यास करणारे होते. मिनेसोटात जाऊन राहिले, अँड्र्यू पीटरसन या स्वीडिश शेतकऱ्याची अनेक दशकांची रोजनिशी त्यांनी वाचली, वापरली. पीटरसन लिहितो काय? आज अमुक पेरलं, आज लाकूड तोडलं, आज पाऊस. त्याचं प्रेम सफरचंदाच्या झाडांवर. मायदेशासाठी झुरणं त्या पानांवर शोधावं लागतं. कादंबरीत मात्र क्रिस्टिना जन्मभर झुरते. आणि आज स्वीडनच्या कार्ल्सहाम्न बंदरावर पुतळा कुणाचा आहे? कार्ल ऑस्कर आणि क्रिस्टिनाचा. त्याचीच प्रतिकृती मिनेसोटात लिंडस्ट्रॉम गावात. तिथं त्यांचं म्हणून एक घरही दाखवतात. जी माणसं कधी नव्हतीच त्यांचं घर! रोज पाऊस लिहून ठेवणारा खरा पीटरसन अभ्यासकांपुरता उरला. कादंबरी इतिहासाची पोकळी भरते म्हणता. मला भीती आहे, ती भरलेली जागा रिकामी करून तिथं स्वतः बसेल याची.

चाहती : पुतळा मोबेर्गनी नाही बसवला. आणि ज्या डकोटा आदिवासींची जमीन त्या शेतकऱ्यांनी नांगरली, त्यांचा १८६२ चा उठाव मोबेर्ग यांच्या चौथ्या खंडात आहे. पुतळ्यात नाही, कादंबरीत आहे. लोक कादंबरीतलं सोयीचं तेवढं दगडात कोरतात, त्याची शिक्षा कादंबरीला का?

पीटरसनबद्दल मात्र मला वेगळं वाटतं. त्यानं झुरणं लिहिलं नाही म्हणजे ते नव्हतं, असं तुम्ही धरून चालताय. दिवसभर झाडं तोडलेला माणूस रात्री दिव्याच्या उजेडात पाऊस लिहितो, कारण त्याला तेवढंच लिहिता येतं. किंवा तेवढंच लिहिणं परवडतं. शिवाय रोजनिशी नवऱ्याची. त्या घरातल्या बाईचं काय? मोबेर्गनी झुरणं क्रिस्टिनाला दिलं, कार्ल ऑस्करला नाही, हे बघा. ज्या व्यक्तीचा कागद नव्हता, तिच्याच पदरात त्यांनी ते घातलं.

शंकेखोर : बायकांना झुरायला लावणं हाही एक जुना साचाच आहे.

चाहती : हे मात्र बरोबर बोललात.

(दोघांनीही अजून 'स्वामी'चं नाव काढलेलं नाही, याचं मला नवल वाटत होतं. मराठी माणूस ऐतिहासिक कादंबरीवर इतका वेळ बोलतो आणि पेशवाईत शिरत नाही, हे सहसा घडत नाही.)

चाहती : आता आपल्याकडे येऊ. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. तेव्हापासून आपल्या वाचकाला ऐतिहासिक कादंबरी म्हणजे राजा, सरदार, गड, तलवार, आणि त्या तलवारीमागचं हळवं मन. तिथं बखर आहे, पत्रव्यवहार आहे, संशोधक मंडळ आहे. तारीख चुकली की वर्तमानपत्रात पत्रं येतात. त्यामुळे वाचक कादंबरीकाराला विचारतो, यातलं खरं किती? कालही पहिला प्रश्न तोच आला. गिरमिटावर लिहिणाऱ्याला हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. दीती खरी होती का? नव्हती. मग पुढे? आपल्याकडच्या चर्चेला ज्यांची बखर नाही त्यांच्या कादंबरीबद्दल बोलायची भाषाच अजून सापडलेली नाही.

शंकेखोर : सापडलेली आहे, फक्त ती ऐतिहासिक कादंबरीच्या बाजूला नाही. 'बलुतं' १९७८ चं. त्यानंतर दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला एक सवय लावली : अनुभव कुणाचा, बोलतंय कोण, हे आधी विचारायचं. तीच सवय घेऊन मी गिरमिटाच्या जहाजात शिरतो, आणि पहिल्यांदा विचारतो जात. सगळ्या कादंबऱ्यांत बोटीवर जात बुडते. एका तळघरात झोपले, एका पातेल्यातलं खाल्लं, जहाजभाई झाले. घोष यांनी तर ते फार सुंदर लिहिलंय. जहाजभाईपण खरंच होतं, वंशजांच्या आठवणींत ते आहे, मी नाही म्हणत नाही. पण मॉरिशसच्या हिंदूंत जात संपली का? आजही तिथं उमेदवार ठरवताना जात पाहिली जाते, हे तिथले अभ्यासकच लिहितात. नोंदवहीत जातीचा रकाना आहे. कुणबी आणि महार एकाच बोटीनं गेले असतील, तर त्या दोघांत पाण्याच्या पिंपापाशी काय झालं? वादळ आलं आणि सगळे एक झाले, हे उत्तर मला पुरत नाही. ते जमिनीवर राहिलेल्या आपल्या लोकांनी स्वतःच्या समाधानासाठी काढलेलं उत्तर आहे.

चाहती : यावर लिहिलं पाहिजे, आणि मराठीतच लिहिलं पाहिजे. इंग्रजीत 'लोअर कास्ट' म्हणून जे निभावून जातं ते मराठीत निभणार नाही. वाचक आडनाव विचारील.

शंकेखोर : आणि तशी कादंबरी आली की तिचं काय होईल तेही सांगतो. प्रकाशन समारंभ, मॉरिशसहून पाहुणे, तिथले मराठी लोक अजून गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते, कास्काव्हेलच्या बाजूला आपली वस्ती आहे, आपली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून नाचतात. साता समुद्रापार मराठी संस्कृती. टाळ्या. त्या टाळ्यांत मजूर पुन्हा हरवणार. आत्तापर्यंत तो मळेवाल्याच्या वहीत हरवला होता, आता आपल्या अभिमानात.

चाहती : थांबा, जाखडीला इतक्या घाईत समारंभात ढकलू नका. कोकणात जाखडी कोण नाचत होतं? मुंबईत 'बाल्या' म्हणून ज्यांची टिंगल व्हायची ते. घरगडी, गिरणीवाले, शेतावर राबणारे. साहित्य संमेलनात ज्यांचा प्रवेश नव्हता त्यांची ती गोष्ट. पायात चाळ बांधून गोल धरायचा, ढोलकीवर सवालजवाब करायचे. ही चीज दीडशे वर्षं ऊसमळ्यात टिकली. कशी टिकली? कुणी शिकवली, कुठल्या रात्री, मळेवाल्यानं अडवलं का, गुलामांचे वंशज असलेले क्रिओल शेजारी बघायला आले का? तुमच्या वहीत 'झाकरी' असा रकाना नाही. टिंकरमध्ये नाही, कमिशनच्या अहवालात नाही. ती फक्त अंगात राहिली. अंगात राहिलेल्या गोष्टीचा इतिहास लिहायला माझ्याजवळ कादंबरीशिवाय दुसरं साधन नाही. अभिमानाचा धोका आहेच. तो मी पत्करते.

शंकेखोर : दुसरं साधन आहे. गायुत्रा बहादुर यांचं 'कूली वुमन', २०१३ चं. त्यांची पणजी सुजरिया १९०३ मध्ये कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाला निघाली; एकटी, पोटात चार महिन्यांचं मूल. ती का निघाली? विधवा होती, पळाली होती, टाकलेली होती, फसवलेली होती? बहादुर सगळी दप्तरं पालथी घालतात आणि जिथं उत्तर मिळत नाही तिथं प्रसंग रचत नाहीत, प्रश्न लिहितात. पानंच्या पानं नुसते प्रश्न. वाचताना मला पहिल्यांदा त्या बाईबद्दल खरा आदर वाटला, कारण तिच्या तोंडी कुणी वाक्य घातलं नव्हतं. काल लेखिकाबाईंनी त्यांच्या नायिकेचं एकटीचं मनोगत वाचून दाखवलं, सभागृह गहिवरलं. मी मात्र विचार करत होतो, हे शब्द त्या बाईला विचारून घातलेत का?

चाहती : ते पुस्तक मलाही अतिशय आवडतं. पण प्रश्न निष्पाप असतात असं समजू नका. 'ती पळाली होती का?' असं लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर पळणारी बाई उभी राहतेच. फक्त जबाबदारी लेखकावरून वाचकावर जाते. आणि तोंडी वाक्य घालण्याबद्दल म्हणाल, तर ज्याला आपण अस्सल साक्ष म्हणतो तिचं काय? तोताराम सनाढ्य १८९३ मध्ये फिजीला नेले गेले, एकवीस वर्षांनी परतले. 'फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष' १९१४ चं. गिरमिट बंद करण्याच्या चळवळीला त्या पुस्तकानं केवढं बळ दिलं! पण लेखणी बनारसीदास चतुर्वेदींची होती. सनाढ्य सांगत गेले, चतुर्वेदी लिहीत गेले. काय गाळलं, काय धारदार केलं, चळवळीसाठी काय लागत होतं? म्हणजे गिरमिटियाचा स्वतःचा म्हणून जो आवाज आपण ऐकतो, त्यातही दुसऱ्याचा हात आहे. मग कादंबरीकाराचाच हात तेवढा चोराचा का?

शंकेखोर : कारण चतुर्वेदींनी एकवीस वर्षं जगून आलेल्या माणसासमोर बसून लिहिलं. तोताराम 'हे असं नव्हतं' म्हणू शकत होते. तुमच्या आवडत्या मिन जिन ली यांच्यासारखंच. फिरून मी तिथंच येतो. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला हरकत घेता येते का?

चाहती : आणि मी फिरून इथं येते, की हरकत घेणारं कुणी उरलं नाही म्हणून त्या माणसाबद्दल कुणीच बोलायचं नाही, असं ठरवलं तर शेवटचा शब्द उंची मोजणाऱ्या कारकुनाचा राहतो. त्याला तर कुणीच हरकत घेतली नव्हती.

शंकेखोर : हं. याला माझ्याजवळ उत्तर नाही. पण एक मागणं आहे. इतक्या कादंबऱ्या वाचल्या, सगळ्यांचं जहाज एकाच दिशेनं जातं. निघाले, पोचले, रुजले. वाचणारे, लिहिणारे, व्याख्यानं ठेवणारे सगळे रुजलेल्यांचे वंशज किंवा त्यांचे चाहते. मॉरिशसला आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं परत गेली. १८५० च्या दशकात परतीचं मोफत भाडं बंद झालं, तरी स्वतःच्या पैशानं गेली. त्यांची कादंबरी कुठं आहे? गावानं त्यांना घेतलं का? समुद्र ओलांडला म्हणून दंड भरायला लावला का? जमीन भावानं खाल्ली होती का? त्यांनी ऊसमळ्याबद्दल खरं सांगितलं की बढाया मारल्या, आणि त्या बढाया ऐकून पुढची बोट भरली का? इथं तुमच्या लेखिकाबाईंचं वाक्य खरं आहे. परतणाऱ्याचं नाव जहाजाच्या यादीत येतं, तो उतरतो, आणि कागद खरोखरच गप्प होतो.

चाहती : बघा, अखेर तुम्हीच कादंबरी मागितलीत.

शंकेखोर : मागितली. ती वाचताना भांडायचा हक्क राखून.

चाहती : मग त्या लेखकाला सुरुवातीला एक जागा सांगून ठेवते. कलकत्त्याचं मटियाबुर्ज. १९२० च्या दशकात फिजी, गयाना, त्रिनिदाद, सुरिनामहून परतलेले शेकडो गिरमिटिये तिथं गोदीच्या आसपासच्या झोपड्यांत राहत होते. काहींना गावानं ठेवून घेतलं नव्हतं, काहींना गावच सापडलं नव्हतं, आणि वसाहतीत जन्मलेल्या त्यांच्या पोरांना इथलं पाणीही सोसत नव्हतं. ज्या देशासाठी ते जन्मभर झुरले असं आपण कादंबऱ्यांत वाचतो, त्या देशात पोचल्यावर त्यांच्यातले कितीतरी जण बंदरावर अर्ज घेऊन उभे होते, आम्हाला परत मळ्यावर पाठवा म्हणून.